मागचे ड्रम काढून डिस्क बसवाव्यात का? स्विफ्टवाल्या भाऊंना सविस्तर उत्तर

भाऊ, तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. गाडी २०१३ची स्विफ्ट पेट्रोल, एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेली, १४ इंची लोखंडी चाकं. कामासाठी समृद्धीवरून संभाजीनगरला नेहमी जाणं-येणं, आणि अधूनमधून घरच्यांना घेऊन चिखलदरा. शंभरच्या वर वेग असला की ब्रेक कमी लागतो असं वाटतं, पेडलही पहिल्यापेक्षा खाली जातं. ओळखीचा गॅरेजवाला म्हणाला, ‘ड्रम काढून डिस्क टाकून देतो, काहून टेन्शन घेऊन राहिले?’ ड्रम म्हणजे चाकासोबत फिरणारी बंद वाटी, जिला आतून शू दाबून थांबवतात; डिस्क म्हणजे उघडी तबकडी, जिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात. तर हे काम करावं का, केलं तर काय काय बदलावं लागेल, हँडब्रेकचं काय होईल आणि आरटीओत अडचण येईल का, असे तुमचे प्रश्न.

माझं मत आधीच सांगतो. या गाडीला मागे डिस्क टाकू नका. तुमची तक्रार बरीच वर्षं न उघडलेल्या ड्रमची आणि जुन्या ब्रेक ऑइलची दिसते. आणि अर्धवट केलेलं डिस्कचं काम आजच्यापेक्षा जास्त धोकादायक गाडी हातात देऊ शकतं. कारणं नीट समजून घ्या, म्हणजे उद्या कुणी ‘टाकून देतो’ म्हणाला तर त्याला काय विचारायचं ते ठाऊक राहील.

ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे जातो हे सगळे जाणतात. किती जातो, हे फार थोडे लोक मोजून बघतात. तुमची गाडी दोन माणसांसकट ११०० किलो धरू. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही पुढे असल्याने उभ्या गाडीतच साधारण ६२ टक्के भार पुढच्या चाकांवर असतो. म्हणजे पुढे ६८२ किलो, मागे ४१८. आता कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला आणि गाडीचा वेग ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) या दराने उतरू लागला. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २४३० मिलिमीटर आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ५४० मिलिमीटर उंच धरा. हिशेब केला तर जवळपास १९६ किलो भार मागून पुढे सरकतो. पुढे झाले ८७८, मागे उरले २२२. मागच्या एका चाकावर फक्त १११ किलो. तेवढ्या भाराखाली टायर रस्त्याला जितकं धरेल, तितकंच ब्रेकिंग त्या चाकाकडून मिळतं. आत ड्रम आहे की डिस्क, हे टायरला कळत नाही. तुमचे ड्रम नीट असतील तर ते एवढ्या हलक्या झालेल्या चाकाला सहज लॉक करू (फिरणं पूर्ण थांबवू) शकतात, आणि जे चाक लॉक होऊ शकतं तिथे ब्रेकची ताकद वाढवून थांबण्याचं अंतर कमी होत नाही.

त्या अंतराचंही सांगतो. ०.८ जी धरला तर १०० च्या वेगावरून गाडी थांबायला सुमारे ४९ मीटर लागतात आणि १२० वरून सुमारे ७१. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, आणि त्या वेगात एका सेकंदात ३३ मीटर जातात. म्हणजे समोरचा ट्रक दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच ३३ मीटर संपतात. शहरात ५०-६० ने चालवायची सवय असलेल्या माणसाला तिथे ब्रेक कमी लागतो असं वाटणं अगदी साहजिक आहे. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं. यातला काही भाग तुमच्या गाडीचा दोष नसेलही.

आता उष्णतेकडे येऊ, कारण डिस्कच्या बाजूने सगळ्यात जास्त तेच सांगितलं जातं: ड्रम तापतो, डिस्क थंड राहते. हे खरं आहे. तापल्यावर ड्रम फुगतो, शूपासून लांब जातो आणि पेडल खाली जातं. डिस्क उघड्यावर असते, वारा लागतो, आणि तापून फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. पण तुमच्या मागच्या ड्रमवर उष्णता येते तरी किती? १०० वरून पूर्ण थांबताना ११०० किलोच्या गाडीतली सुमारे ४२४ किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. मागच्या दोन्ही चाकांच्या वाट्याला त्यातले साधारण १००, एका ड्रमला ५०. साडेचार किलोच्या बिडाच्या ड्रमचं तापमान त्याने २३-२४ अंशांनी वाढतं. मे महिन्यात नागपुरात उन्हात उभी असलेली गाडी याहून जास्त तापते. समृद्धीवर एकदा-दोनदा जोरात ब्रेक मारल्याने मागचा ड्रम फेड होत नाही, म्हणजे तापून त्याची पकड कमी होत नाही.

चिखलदऱ्याची गोष्ट वेगळी. चिखलदरा साधारण ११०० मीटर उंचीवर आहे आणि परतवाड्याकडे उतरताना ७०० मीटरच्या आसपास उतार मिळतो. एवढ्या उंचीवरून उतरणाऱ्या गाडीची सगळी ऊर्जा फक्त ब्रेकने खायची म्हटलं, तर ती १०० वरून सतरा-अठरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी होते. तीही मध्ये थंड व्हायला वेळ न मिळता, एकामागून एक. इथे ब्रेक तापतात, आणि आधी पुढचे तापतात. पुढे तर तुमच्याकडे डिस्क आहेच! त्यावर उपाय एकच: घाट उतरताना दुसरा गिअर, वळणाआधी थोडा घट्ट ब्रेक, मग पाय पूर्ण बाजूला. ब्रेकवर नुसता पाय ठेवून सगळा घाट उतरणारे लोक खाली आल्यावर म्हणतात की ब्रेक गेला. छिंदवाड्याच्या रस्त्यावर सिल्लेवानी घाटातही हेच. माझ्याकडे जळक्या वासाच्या तक्रारीने येणाऱ्या गाड्यांत मी पहिला प्रश्न गिअरचाच विचारतो.

ड्रम म्हणजे जुनाट आणि स्वस्तातलं, असं समजू नका. फोक्सवॅगनच्या आयडी ४ या दोन टनांच्या आसपास वजनाच्या इलेक्ट्रिक गाडीला मागे ड्रमच दिलेत. इलेक्ट्रिक गाडीत मोटरच बरंचसं ब्रेकिंग करते, मागचा ब्रेक कमी वापरला जातो, आणि बंद ड्रममध्ये गंज कमी चढतो. दुसऱ्या बाजूला मारुतीने २०१७ मध्ये टर्बो इंजिनवाली बलेनो आरएस काढली तेव्हा मागे डिस्क दिल्या, कारण गाडी वेगवान होती आणि बाकी ब्रेक सिस्टीम त्या हिशेबाने जुळवलेली होती. कंपनी काय देते यापेक्षा ती कशाशी जुळवून देते, हे महत्त्वाचं.

आणि जुळवणं म्हणजे काय, तिथेच बहुतेक कामं फसतात. ड्रममध्ये एक गुण असतो जो डिस्कमध्ये नाही. फिरणारा ड्रम पुढच्या शूला स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे व्हील सिलिंडरने (ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या भागाने) थोडं ढकललं तरी पकड कितीतरी पट होते. डिस्कचं पॅड असं ओढलं जात नाही, म्हणून कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या चिमट्याचा) पिस्टन मोठा लागतो. किती मोठा, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि ‘टाकून देतो’ म्हणणारा तो विचारत नाही. भंगारातून ज्या गाडीचा कॅलिपर मिळाला तो लावतो.

या वर्गातल्या गाड्यांचे ढोबळ आकडे घेऊन बघा. व्हील सिलिंडर १७.५ मिलिमीटर व्यासाचा धरला तर क्षेत्रफळ सुमारे २४०.५ चौरस मिलिमीटर. ड्रमची स्वतः ओढून घेण्याची पट २.२ धरू, ड्रमची त्रिज्या १०० मिलिमीटर. तिघांचा गुणाकार सुमारे ५२,९००. आता एका मोठ्या गाडीचा ३४ मिलिमीटर पिस्टनचा मागचा कॅलिपर लावला. क्षेत्रफळ ९०८, पॅडच्या घर्षणाची पट दोन्ही बाजू मिळून ०.७६, पॅड जिथे डिस्कला धरतं ती त्रिज्या १०५. गुणाकार सुमारे ७२,४५०. ब्रेक ऑइलचा दाब तोच, पायाचा जोर तोच, पण मागची पकड एक तृतीयांशाहून जास्त वाढली. ३० मिलिमीटरचा पिस्टन घेतला असता तर आकडा ५६,४०० आला असता, म्हणजे जवळपास मूळचाच. चार मिलिमीटरचा फरक, आणि गाडीचा स्वभाव बदलला.

वाढली तर चांगलंच की, असं वाटेल. पण मगाचे १११ किलो आठवा. मागची चाकं आधीच हलकी झालेली असताना त्यांच्यावर पकड वाढली, तर ती पुढच्या चाकांआधी लॉक होतात. पुढची चाकं आधी लॉक झाली तर गाडी सरळ घसरत जाते, स्टिअरिंग चालत नाही, पण तोंड समोर राहतं. ब्रेक किंचित सोडला की ताबा परत येतो. मागची आधी लॉक झाली तर मागचा भाग बाजूला निघतो आणि गाडी गर्रकन फिरते. १२० च्या वेगात, पहिल्या पावसात ओल्या झालेल्या काँक्रीटवर, एबीएस नसलेल्या गाडीत हे सुरू झालं तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून कंपन्या गाडी मुद्दाम अशी बनवतात की पुढची चाकं आधी लॉक व्हावीत. ते प्रमाण मोडायचं नसतं.

यावर काही जण सांगतात, ‘प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावून देतो, फिरवून सेट करू.’ व्हॉल्व्ह चांगली वस्तू आहे. तो एका ठरावीक दाबानंतर मागच्या ब्रेकचा दाब हळू वाढू देतो. मागची पकड मूळात कमी पडत असेल तर तो ती वाढवू शकत नाही, हे एक. दुसरी गोष्ट मात्र जिवावर बेतणारी आहे. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या छोट्या गाड्यांत ब्रेकच्या पाइपलाइनी बहुतेक वेळा तिरप्या जोडलेल्या असतात: पुढचं डावं आणि मागचं उजवं एका सर्किटमध्ये, पुढचं उजवं आणि मागचं डावं दुसऱ्यात. एक पाइप फुटला तरी एक पुढचं आणि एक मागचं चाक थांबवायला शिल्लक राहावं, यासाठी ही रचना. मागच्या चाकांचा दाब एका व्हॉल्व्हने नियंत्रित करायचा म्हणून कुणी मागच्या दोन्ही लाइनी एकत्र आणल्या आणि पुढे टी लावून वाटल्या, तर दोन्ही सर्किटं एक झाली. आता कुठेही गळती झाली की सगळे ब्रेक एकदम जाणार. मी अशा जोडणीच्या गाड्या उघडल्यात. मालकाला बाहेरून सगळं छान दिसत होतं, लाल रंगाचा कॅलिपरही चकचकीत होता. तिरप्या सर्किटच्या गाडीत दोन्ही मागच्या लाइनींना वेगवेगळे आणि सारखे सेट केलेले व्हॉल्व्ह लागतात. तुमच्या गॅरेजवाल्याला हा एकच प्रश्न विचारा: माझ्या गाडीचं सर्किट तिरपं आहे की पुढे-मागे? उत्तर लगेच आलं नाही तर किल्ली परत खिशात ठेवा.

एबीएसवाल्या गाडीत हे वेगळ्या वाटेने येतं. तिथे मागच्या चाकांचा दाब ईबीडी (पुढे-मागे दाब वाटणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) सांभाळतं, आणि ते गाडीच्या मूळ ब्रेकच्या स्वभावानुसार जुळवलेलं असतं. ब्रेक बदलले तर कंट्रोलरला ते कुणी सांगत नाही. शिवाय मागच्या हबवर (चाक ज्यावर बसतं त्या भागावर) सेन्सरची रिंग असते. दुसऱ्या गाडीचा हब लावला आणि रिंगचे दात किंवा जागा जुळली नाही तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा पेटतो आणि एबीएस झोपतं. २०१९ च्या एप्रिलपासून सगळ्या नव्या कारना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे पुढच्या काळात हा प्रश्न जवळपास प्रत्येक गाडीला लागू होणार.

यांत्रिक कामाबद्दलही लिहितो, कारण तुमच्या जागी दुसऱ्या कुणाला हे काम खरंच करायचं असेल. त्याचा सरळ मार्ग एकच: त्याच मॉडेलचा मागे डिस्कवाला प्रकार कंपनीने काढला असेल तर त्याचाच पूर्ण संच घ्यायचा. स्टब ॲक्सल (हब ज्यावर फिरतो तो दांडा), हब, डिस्क, कॅलिपर, त्याचा ब्रॅकेट, होज, हँडब्रेकची केबल, मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब देणारा भाग) आणि व्हॉल्व्ह, सगळं. ‘जवळपास बसतंय’ असं काहीही नाही. छोट्या गाड्यांत मागचं बेअरिंग बरेचदा ड्रममध्येच दाबलेलं असतं, म्हणून ड्रम गेला की बेअरिंगची व्यवस्थाच गेली, हे अनेकांना काम अर्ध्यावर आल्यावर कळतं.

ब्रॅकेट लेथवाल्याकडून करून घ्यायचा असेल तर गॅसने कापून वेल्डिंग मारलेली पट्टी नको. जाड स्टीलचा तुकडा मशीनवर कापलेला, भोकं मापात पाडलेली, १०.९ ग्रेडचे बोल्ट, टॉर्क पान्याने आवळलेले. कॅलिपर डिस्कच्या मध्यावर आणण्यासाठी वॉशरवर वॉशर चढवलेले दिसले तर तिथेच काम थांबवा. स्टब ॲक्सलवर वेल्डिंगचा ताप तर मुळीच देऊ नये. डिस्क बसवल्यावर डायल गेज लावून ती किती डगमगते ते बघायचं, ०.१ मिलिमीटरच्या आत हवं, नाहीतर महिन्याभरात पेडल थरथरायला लागतं. डिस्कची टोपी (मधला फुगीर भाग) हबवर चढल्याने चाक काही मिलिमीटर बाहेर येतं. म्हणून नट किती फेरे आत जातो ते आधीच मोजून ठेवा. गरज पडली तर लांब स्टड घालायचे. १४ इंची चाकाच्या आत कॅलिपर बसतो का, तेही चाक प्रत्यक्ष चढवून, हाताने फिरवून बघायचं.

एक गोष्ट डोळ्यांनी लगेच ओळखता येते. कॅलिपरवर ब्लीडिंगचं (ऑइलमधली हवा काढायचं) निप्पल असतं, ते नेहमी सगळ्यात वर हवं. हवा वर चढते, ऑइल खाली राहतं. डावा-उजवा कॅलिपर उलटसुलट लागला तर निप्पल खाली जातं आणि बाटलीभर ऑइल ओतलं तरी वरची हवा निघत नाही. बाहेरून काम करून आलेल्या एका गाडीची तक्रार हीच होती: तीन ठिकाणी ब्लीडिंग केलं तरी पेडल कापसासारखं. गाडी लिफ्टवर घेतली, टॉर्च मारला, दोन्ही निप्पल जमिनीकडे तोंड करून. कॅलिपर अदलाबदल केले आणि पेडल घट्ट झालं.

हँडब्रेकबद्दल तुमची काळजी रास्त आहे. ड्रममध्ये केबल शूला लागलेली एक छोटी पट्टी ओढते, साधं आणि दमदार काम. डिस्कमध्ये दोन पद्धती असतात. एक, कॅलिपरच्या आत स्क्रूची यंत्रणा, जी केबलने फिरून पिस्टन पुढे ढकलते. दुसरी, डिस्कच्या टोपीच्या आत छोटासा ड्रम फक्त हँडब्रेकसाठी. पहिल्या प्रकारात पॅड बदलताना पिस्टन दाबून आत घालायचा नसतो, तर खास टूलने फिरवत न्यायचा असतो. सी-क्लॅम्प लावून दाबला की आतला स्क्रू जातो आणि पुढे हँडब्रेक कधी नीट लागत नाही. या कॅलिपरचं ॲडजस्टमेंट चुकलं तर पिस्टन फार मागे राहतो आणि पायाचं पेडलही खाली जातं. म्हणजे ज्या तक्रारीसाठी डिस्क टाकली, तीच परत आली.

आणि घाट उतरून तापलेल्या डिस्कवर हँडब्रेक ओढून गाडी व्ह्यू पॉइंटला लावली, तर डिस्क थंड होताना आकसते आणि पकड सैल पडू शकते. उतारावर गाडी उभी करताना गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा, गाडी कुठलीही असो. हँडब्रेकची परीक्षा सपाट अंगणात होत नाही. अपार्टमेंटच्या बेसमेंटचा रॅम्प त्यासाठी योग्य. मधोमध गाडी थांबवून, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, नुसत्या हँडब्रेकवर. पाय ब्रेकच्या वर तयार ठेवून.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीत फेरफार करण्यावर बंधन घालतं. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२अ नुसार नियमात न बसणारा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आरसीवर ब्रेकचा प्रकार छापलेला नसतो, म्हणून कुणाला कळत नाही, असं गॅरेजमध्ये सर्रास ऐकायला मिळतं. पण प्रश्न कुणाला कळण्याचा नाही. गाडीचं मॉडेल विक्रीला येण्याआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत त्याच्या ब्रेकची चाचणी झालेली असते, आणि तुम्ही ती चाचणी झालेली सिस्टीम बदलता. अपघात झाला तर विमा कंपनीचा सर्व्हेअर चाक उघडून बघू शकतो, आणि न कळवलेला फेरफार हे दावा अडवायचं कारण होऊ शकतं. तुमची गाडी २०१३ ची, म्हणजे २०२८ मध्ये १५ वर्षं पूर्ण होऊन तपासणी आणि नूतनीकरणाला जाणार. तेव्हाही ब्रेक बघितले जातील. गाडी नागपूरची एमएच ३१ असो, ४० असो की ४९, असं काम करायचंच असेल तर आधी आपल्या आरटीओत लेखी विचारा. तोंडी ‘चालून जाते’ला काही किंमत नाही.

मोकळ्या छताच्या जुन्या जीपवाल्यांनाही एक वाक्य: चिखलात, नाल्यात उतरणाऱ्या जीपमध्ये ड्रममध्ये गाळ भरून राहतो, तिथे डिस्कचा फायदा खरा आहे, पण सर्किट, पिस्टनचं माप आणि कायदा हे तिन्ही मुद्दे तिथेही तसेच लागू.

मग तुमच्या गाडीचं काय करायचं? मागचे ड्रम उघडा. माझा अंदाज, आत हेच दिसेल: तपकिरी भुकटीचा थर, लायनरवर (शूवरच्या घासणाऱ्या थरावर) काचेसारखी चमक, आणि ॲडजस्टरचे (शू-ड्रममधलं अंतर जुळवणाऱ्या स्क्रूचे) दात गंजाने एकमेकांत बसलेले. ॲडजस्टर आपोआप फिरला नाही की लायनर झिजेल तसं शू आणि ड्रममधलं अंतर वाढत जातं आणि पेडलचा पहिला अर्धा प्रवास ते अंतर भरण्यातच जातो. तुमचं पेडल खाली जाण्याचं हे नंबर एकचं कारण. ती भुकटी हवेच्या प्रेशरने उडवू देऊ नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि ते त्या पोराच्या छातीत जातं जो वाकून काम करतोय. ब्रेक क्लीनरने किंवा ओल्या कापडाने काढायची. व्हील सिलिंडरचं रबरी बूट बोटाने उचलून बघा. आत ओलसर कडं दिसलं तर सिलिंडर दोन्ही बाजूंचे बदला. ड्रमवर जास्तीत जास्त चालणारा व्यास कोरलेला असतो. मोजून त्याच्या वर गेला असेल तर लेथवर आणखी घासून उपयोग नाही, नवा घ्या. बॅक प्लेटवर (ड्रममागच्या पत्र्यावर) शू जिथे टेकतात त्या जागांवर उष्णता सहन करणारं ग्रीस, अगदी पुसट. लायनरला बोटाचंही ग्रीस लागू नये.

इथे एक क्रम आहे जो फार जण उलटा करतात. आधी हँडब्रेकची केबल पूर्ण सैल सोडायची. मग ॲडजस्टर फिरवून शू ड्रमला किंचित घासेल इतका जवळ आणायचा, पेडल काही वेळा दाबून शू मध्यावर बसू द्यायचे, आणि सगळ्यात शेवटी केबल घट्ट करायची. घाईत फक्त केबल ओढून हँडब्रेक ‘टाइट’ केला तर शू पूर्ण मागे जात नाहीत, ॲडजस्टर कामच करत नाही, आणि पायाचा ब्रेक तसाच ढिला राहतो.

ब्रेक ऑइल बदला, सगळं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ते जोरात होतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ती मर्यादा १४० पर्यंत येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. घाटात तापलेल्या कॅलिपरमध्ये जुनं ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे दबतात आणि पेडल खाली जातं. दर दोन वर्षांनी बदलायचं. कोणत्या ग्रेडचं ते झाकणावर लिहिलेलं असतं. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळू नका.

मग पुढे या, कारण ७५-८० टक्के काम तिथे होतं. पुढच्या कॅलिपरच्या सरकपिना हाताने आत-बाहेर करून बघा. एक जरी जाम असेल तर एकच पॅड झिजतं आणि गाडी ब्रेक मारताना एका बाजूला ओढते. पॅड चांगल्या कंपनीचे, डिस्कची जाडी कोरलेल्या मर्यादेच्या वर. पॅड नवे टाकले तर सकाळी नागपुरातल्या मिहानकडच्या रिकाम्या रस्त्यावर ५० वरून १० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक मारून ते बसवून घ्या, मध्ये थोडं अंतर चालवून थंड होऊ द्या. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. टायर जुनं आणि कडक झालं असेल तर डिस्कचा जो खर्च वाचला त्यात चार नवी टायरं घ्या. समृद्धीवर थांबायचं अंतर त्यांनी खरोखर कमी होईल.

हे सगळं झाल्यावर एक तपासणी घरीच करा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडंसं खाली सरकून थांबलं तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) ठीक. मग इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट एकसारखं दाबून धरा. ते जागेवर राहायला हवं. हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठेही ऑइल गळताना दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतली रबरं गेलीत, आणि मागे काहीही लावलं असतं तरी ते पेडल तसंच खाली गेलं असतं. अशा वेळी गाडी समृद्धीवर काढू नका, आधी मास्टर सिलिंडर बदलून घ्या.